विस्मयाचे आयुष्य : बहुखंडी अद्भुतकथांच्या निवडीचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या समीक्षेत अद्भुताचा विचार झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, त्यात अद्भुत आणि वास्तविक हा भेद त्यांनी चर्चेस घेतला आणि युरोपीय कादंबरीच्या मापाने मराठी कादंबरी मोजून पाहिली. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथात अद्भुतरम्य कादंबरीला तिचे ऐतिहासिक स्थान मिळाले. भालचंद्र नेमाडे यांनी तर ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तीच निश्चित केल्या आणि अद्भुताच्या प्रवृत्तीला ‘मुक्तामाला’चे नाव देऊन टाकले. या तिघांपैकी दोघांचा संबंध खानदेशाशी यावा, हा योगायोग असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात उभे राहिले. नेमाडे जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातल्या सांगवीचे. अद्भुताला मराठी साहित्यव्यवहाराच्या नकाशावर कोठे बसवावे याचा निवाडा करणारे दोन महत्त्वाचे विचार तापीच्या खोऱ्याशी नाते सांगतात.

परंतु हा निवाडा वर्गीकरणाचा आहे. एखादी कृती कोणत्या प्रवृत्तीतून आली हे त्यातून कळते. त्या प्रवृत्तीतल्या दहा कृतींपैकी कोणती वाचावी आणि कोणती पहिल्या खंडानंतर मिटून ठेवावी, हे कळत नाही. ‘मुक्तामाला’, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३), रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून गो. ना. दातार यांनी बेतलेल्या रहस्याद्भुत कथा, या सगळ्यांना एकाच पेटीत ठेवले की समीक्षकाचे काम संपते आणि वाचकाचे सुरू होते. रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आपली अडचण स्पष्टपणे नोंदवली होती. आपल्या समाजातील विवाहादी व्यवहारच असे ठरीव की त्यांच्यावर मनोरंजक कथा रचणे कठीण, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे अद्भुत हे त्यांच्या लेखी वास्तवाच्या अभावाची भरपाई होते. पुढच्या समीक्षेने ही कबुली अद्भुताच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली आणि अद्भुत म्हणजे पलायन हे समीकरण रूढ झाले. ते एकदा रूढ झाल्यावर पलायनातही डावे-उजवे असते काय, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नाही.

प्रश्न मात्र नाहीसा झाला नाही. इंग्रजीतील बहुखंडी फँटसी कादंबऱ्या गेल्या तीन दशकांत मूळ रूपात, मराठी भाषांतरांतून आणि पडद्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचल्या. ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून सुरू होणारी मालिका, मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलेले टॉल्किनचे कथन, अमीश यांच्या शिवविषयक त्रिखंडीतील ‘मेलुहाचे मृत्युंजय’ ही पुस्तके जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयीन वाचकाला अपरिचित नाहीत. या वाचकांत घरातील पहिल्या पिढीचे वाचक पुष्कळ. त्यांच्यापाशी वेळ थोडा, पैसे त्याहून थोडे, आणि ग्रंथालयातल्या मालिकेचा तिसरा खंड बहुधा कोणाच्या तरी घरी अडकलेला. रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका १९९० ते २०१३ या काळात प्रसिद्ध झाली; तिची शब्दसंख्या चाळीस लाखांहून अधिक भरते. एवढ्या अवकाशात एखादा विद्यार्थी हरिभाऊंच्या सगळ्या प्रमुख कादंबऱ्या वाचून पुन्हा ‘महाभारता’च्या भाषांतराला हात घालू शकेल. त्याने काय करावे हे त्याला सांगणे समीक्षेला कमीपणाचे वाटत असेल, तर तो कमीपणा समीक्षेचा आहे.

मराठी परंपरेने हा प्रश्न एके काळी विचारला होता आणि आपल्या परीने सोडवलाही होता. धुंडीसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ म्हणजे १८१९ सालचा. त्याचे चाळीस अध्याय आहेत, आणि आजही खानदेशातील अनेक घरांत त्याचे पारायण होते. त्याला पोथी म्हणण्याची सवय असल्यामुळे तो एक विस्तीर्ण अद्भुतकथन आहे हे ध्यानात येत नाही. माशाच्या पोटात उपदेश ऐकणारा मच्छिंद्र, उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी उठणारा गोरक्ष, चिखलाच्या पुतळ्यात संजीवनी मंत्र शिरून जन्मणारा गहिनी, घोड्यांच्या लिदीखाली पुरला जाऊनही जिवंत राहणारा जालिंदर, पुरुषाला प्रवेश नसलेले स्त्रीराज्य, अस्त्रांची युद्धे असा त्याचा पसारा आहे. या ग्रंथाचा चाळिसावा अध्याय समीक्षेच्या दृष्टीने विलक्षण आहे. कोणता अध्याय वाचल्याने कोणते फळ मिळते याची क्रमवार यादी त्यात दिली आहे. कोठे पिशाचबाधा टळते, कोठे द्रव्य मिळते, कोठे संतती. दीर्घ अद्भुतकथनातला कोणता भाग कोणी आणि कशासाठी वाचावा, याचे इतके सरळ मार्गदर्शन कथनाच्या पोटातच घातलेले दुसरीकडे क्वचितच आढळेल.

हा निकष उपयुक्ततेचा आहे, आणि आधुनिक समीक्षक त्याला हसेल. परंतु त्यामागची जाण हसण्यासारखी नाही. चाळीस अध्याय सलग ऐकणाऱ्याचे मन केवळ चमत्कारावर टिकणार नाही, त्याला चमत्कारापलीकडचे काहीतरी दिले पाहिजे, हे मालू कवीने ओळखले होते. फळाचे आश्वासन हे त्याचे एक उत्तर. दुसरे आणि खरे उत्तर कथेतच आहे. स्त्रीराज्यातून गुरूला सोडवून आणणाऱ्या गोरक्षाच्या लक्षात येते की गुरूच्या झोळीत सोन्याची वीट आहे आणि रानातून जाताना गुरू चोरांना भितो. तो ती वीट फेकून देतो. मंत्रविद्येने देवांनाही नमवणारा मच्छिंद्र एका विटेसाठी घाबरतो, या एका तपशिलाने मागच्या कित्येक अध्यायांतील पराक्रमांचा रंग बदलतो. आतापर्यंत ‘पुढे काय होते?’ एवढेच विचारणारा श्रोता ‘हे असे का झाले?’ असे विचारू लागतो. विस्मय मावळतो आणि त्याच्या जागी दुसरा भाव येतो.

येथे संस्कृत साहित्यशास्त्राकडे वळणे आवश्यक आहे, कारण विस्मयाचा एवढा सूक्ष्म विचार अन्यत्र सहसा झालेला नाही. अद्भुतरसाचा स्थायी भाव विस्मय. त्याला ‘स्थायी’ म्हणावयाचे खरे. पण इतर स्थायी भावांच्या तुलनेत तो किती अल्पायुषी! रती वर्षानुवर्षे टिकते, शोक जन्मभर पुरतो, उत्साहही मोहिमेच्या अंतापर्यंत तग धरतो. विस्मय मात्र दुसऱ्या भेटीत निम्मा होतो. उडणारा घोडा पहिल्यांदा पाहिल्यावर जे वाटते ते सातव्यांदा पाहिल्यावर वाटत नाही. सातव्यांदा तो केवळ घोडा असतो. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त अद्भुताची योजना निर्वहणसंधीत, म्हणजे नाटकाच्या अखेरीस करावयास सांगितली आहे, त्यामागे हेच व्यावहारिक शहाणपण असावे. जे लवकर संपते ते शेवटासाठी राखून ठेवावे.

बहुखंडी अद्भुतकथेची मूळ अडचण यातून स्पष्ट होते. जे नाटकाच्या शेवटी यावयाचे, त्यानेच तिचा प्रारंभ होतो. पहिल्या खंडात नवे जग, नवी विद्या, नव्या जाती, नवे नकाशे. दुसऱ्या खंडापर्यंत वाचक त्या जगाचा रहिवासी झालेला असतो आणि रहिवाशाला आपल्या गावाचा विस्मय वाटत नाही. अशा वेळी लेखकापुढे दोनच वाटा उरतात. एक, विस्मयाची मात्रा वाढवीत नेणे : अधिक मोठा राक्षस, अधिक प्राचीन शाप, अधिक गुप्त विद्या. दुसरी, विस्मयाला अंगाची जागा देऊन अंगी रस दुसरा करणे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात ‘महाभारता’चा अंगी रस शांत ठरवला, तो ग्रंथाचा शेवट पाहून. वृष्णींचा नाश आणि पांडवांचे विरस अवसान पाहिल्यावर मागचा सारा वीर आणि अद्भुत वेगळा दिसतो. शेवटच्या पर्वांनी आधीच्या पर्वांचा अर्थ बदलावा, ही अपेक्षा येथे गृहीत आहे. दीर्घ अद्भुतकथेच्या वाचनीयतेचा निकष या गृहीतातच सापडतो. विस्मय ओसरल्यावर त्याची जागा कोण घेते, आणि त्या बदलासाठी इतक्या लांबीची खरोखर गरज होती काय?

हा निकष सरसकट लावण्यापूर्वी एक भेद करावा लागतो. दीर्घ कथने दोन जातींची असतात. एक माळेची, दुसरी साखळीची. माळेतला मणी आपल्यापुरता पूर्ण असतो; साखळीची कडी सुटी केली तर ती निव्वळ लोखंड. सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ ही माळ आहे. अकराव्या शतकात काश्मीरात रचलेल्या या ग्रंथात अठरा लंबक, एकशे चोवीस तरंग आणि वीस हजारांहून अधिक श्लोक आहेत, तरी तो कोठेही उघडावा आणि कोठेही मिटावा. त्याच शतकात त्याच प्रदेशात क्षेमेंद्राने त्याच ‘बृहत्कथे’चा संक्षेप ‘बृहत्कथामंजरी’त केला, तो सोमदेवाच्या सुमारे एकतृतीयांश. लांबी हाच दोष मानणाऱ्या समीक्षकाने हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचून पाहावेत. क्षेमेंद्राचा आटोपशीर ग्रंथ कष्टाने पुढे सरकतो. सोमदेवाचा सागर वाचकाला वाहून नेतो. क्षेमेंद्राने घटना ठेवल्या आणि घटनांमधली सैल जागा काढून टाकली. अद्भुताला श्वास घेण्यासाठी तीच जागा लागत होती.

माळेच्या कथनात विस्मय अल्पायुषी असला तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक मण्याबरोबर तो नव्याने जन्म घेतो. येथे वाचकाने शेवटपर्यंत जाण्याचे बंधनही नाही. साखळीच्या कथनात लेखक वाचकाला वचन देत असतो की आत्ता जे अपुरे वाटते त्याचा अर्थ पुढे लागेल. हे वचन पाळले न गेल्यास वाचकाचा वेळ फसवून घेतला गेला, असेच म्हणावे लागते. आणि बाजारातल्या बहुसंख्य मालिकांचा दोष नेमका हा आहे की त्या जातीने माळ असून साखळीचा आव आणतात. प्रत्येक खंडात नवे संकट, नवा प्रदेश, नवा सोबती; प्रत्येक खंडाच्या शेवटी मात्र ‘क्रमशः’चा अडकवलेला आकडा.

या दृष्टीने देवकीनंदन खत्रींच्या कादंबऱ्या तपासण्यासारख्या आहेत. ‘चंद्रकांता’ १८८८ च्या सुमारास आली. ‘चंद्रकांता संतति’चे भाग चोवीस. मध्य प्रांताला लागून असलेल्या आणि हिंदीशी रोजचा व्यवहार असलेल्या खानदेशाला ही हिंदी मुळातून वाचणे कधी अवघड नव्हते. १९९४ पासून दूरदर्शनवर आलेल्या मालिकेने तर ‘चंद्रकांता’ हे नाव घरोघर नेले, जरी पडद्यावरची कथा मूळ कथेपासून बरीच भरकटली. खत्रींच्या तिलिस्मात जादू जवळजवळ नाही. यंत्रे, कळी, गुप्त दारे आणि औषधे आहेत. ऐयाराने ऐयाराला ठार करू नये, कैद करावे, असा त्या जगाचा दंडक. हा दंडक मनोरंजक आहे आणि घातकही. पकडणे आणि सुटणे यांची आवर्तने त्यामुळे अमर्याद होतात. किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. ‘संतति’ याच आवर्तनांवर चालली असती तर तिची शिफारस करण्याचे कारण उरले नसते. पण मधल्या भागांपासून भूतनाथ हा ऐयार कथेत शिरतो आणि कथेचा तोल बदलतो. त्याने मागे केलेली दुष्कृत्ये कागदपत्रांच्या रूपाने पुन्हापुन्हा वर येऊ लागतात. वेष पालटण्यात निष्णात असलेला हा मनुष्य स्वतःच्या भूतकाळापासून मात्र लपू शकत नाही. ‘आता कोणते दार उघडेल?’ या उत्सुकतेची जागा ‘याचे आता कसे होणार?’ ही काळजी घेते. तिलिस्म बाहेर होता तो माणसाच्या आत आला. ‘संतति’ वाचावी ती एवढ्यासाठी. आणि ज्याला भूतनाथ भेटेपर्यंत धीर धरवत नाही त्याने ‘चंद्रकांते’वर थांबावे, त्याचे फारसे नुकसान नाही.

हाच निकष इंग्रजीतील मालिकांना लावून पाहता येईल. टॉल्किनचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले, पण ते मुळात एकच कथन आहे. त्यातील विस्मयाची सामग्री पहिल्या खंडातच बहुतेक खर्च झाली आहे. त्यानंतर तो ज्या दिशेने जातो ती दिशा करुणाची आहे. अंगठी नष्ट करण्यासाठी निघालेला फ्रोडो अगदी अखेरच्या क्षणी ती टाकण्यास नकार देतो. काम होते ते गॉलमच्या हव्यासामुळे, म्हणजे ज्याच्यावर पूर्वी दया केली गेली त्याच्यामुळे. गाव वाचते, पण ज्याने ते वाचवले त्याला त्यात राहणे शक्य होत नाही. पहिल्या खंडातल्या वाढदिवसाच्या मेजवानीकडे हा शेवट वाचल्यावर पुन्हा पाहिले तर ती मेजवानी पूर्वीची राहत नाही. लांबीचे समर्थन याला म्हणतात. उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ मालिकेचे उदाहरण तर अधिक धीट आहे. १९६८ ते १९७२ या काळात पहिल्या तीन कादंबऱ्या आल्या. तिसरीच्या शेवटी नायक गेड आपली विद्या गमावून बसतो. अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘टेहानू’ आली. तिच्यात विद्या गमावलेला नायक आणि शेतात राबणारी तेनार यांचे घरगुती जगणे आहे, आणि ज्या विद्येच्या वैभवाने पहिले खंड उजळले होते ती विद्या फक्त पुरुषांचीच का, हा प्रश्न आहे. लेखिकेने आपल्याच जगाची फेरतपासणी केली. असे धैर्य दाखवणारे लेखक थोडे.

रोलिंग यांच्या सात खंडांच्या मालिकेला (१९९७-२००७) बालसाहित्य म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती आहे, ती रास्त नाही. दुसऱ्या खंडातल्या एका रोजनिशीचे खरे स्वरूप सहाव्या खंडात उलगडते. शत्रूने मरण टाळण्यासाठी आपल्या आत्म्याचे केलेले तुकडे हा त्या कथनाचा कणा असल्याचे तेव्हा लक्षात येते. कडी कडीत अडकलेली आहे. याउलट जॉर्डनच्या मालिकेत मधल्या काही खंडांत काळ जवळजवळ थांबतो. २००३ च्या दहाव्या खंडात मागच्या खंडातल्या एका मोठ्या घटनेवेळी निरनिराळी पात्रे कोठे होती याचाच हिशेब दीर्घकाळ चालतो. लेखक २००७ साली निवर्तला आणि अखेरचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले. शेवट नेटका आहे. परंतु तो नेटका असल्यामुळे मधली हजारो पाने आवश्यक ठरत नाहीत. ही मालिका वाचू नये, असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्याच्यापाशी आयुष्यातले एकच वर्ष अशा वाचनाला देण्याजोगे आहे, त्याने ते येथे देऊ नये.

अमीश यांच्या त्रिखंडीची (२०१०-२०१३) गोष्ट वेगळी. तिच्यात पुराणातील अद्भुताचे सर्वत्र स्पष्टीकरण दिले जाते : देव म्हणजे कर्तबगार माणूस, सोमरस म्हणजे औषध, अस्त्र म्हणजे तंत्रज्ञान. स्पष्टीकरण मिळाले की विस्मय संपतो, आणि पुराणकथा वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे उत्सुकताही बेताची राहते. तरी तिसऱ्या खंडात एक खरा प्रश्न उभा राहतो. एका समाजाचे कल्याण करणारी वस्तूच दुसऱ्याचा घात करीत असेल तर ती कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने नष्ट करावी? हा प्रश्न महाकाव्याच्या तोलाचा आहे. त्याला लाभलेली भाषा मात्र कार्यालयीन बैठकीची आहे आणि पात्रे वाद घालतात तो आजच्या चर्चासत्रातल्यासारखा. आशयसूत्र आणि भाषा यांची अशी फारकत झाल्यावर लांबी कितीही असो, अवकाश निर्माण होत नाही.

भाषेचा हा मुद्दा मराठी भाषांतरांच्या संदर्भात अधिक बिकट होतो. अद्भुतासाठी मराठीपाशी शब्द मुबलक आहेत, किंबहुना जरा जास्तच. ‘विझर्ड’ या शब्दासाठी ‘जादूगार’ म्हणावे तर जत्रेतला पत्त्यांचा खेळ डोळ्यांपुढे येतो. ‘मांत्रिक’ म्हणावे तर भूत उतरवणारा. ‘सिद्ध’ म्हणावे तर पोथी उघडते आणि तिच्यामागोमाग फलश्रुती. शाप, उःशाप, वर, मंत्र, अस्त्र या शब्दांना शतकांच्या श्रद्धेचे वजन आहे. परक्या अद्भुताला हे वजन पेलतेच असे नाही. त्यामुळे मराठी वाचकाने भाषांतरित मालिका निवडताना मूळ कृतीच्या कीर्तीइतकेच पहिल्या दहा-वीस पानांतील संज्ञांकडे पाहावे. भाषांतरकाराने एक शब्दव्यवस्था निश्चित करून ती शेवटपर्यंत सांभाळली असेल तर पुढची हजार पाने सुसह्य होतात.

येथे एक आक्षेप संभवतो. वाचक करमणुकीसाठी वाचतो. त्याच्यापुढे अंगी रसाची आणि निर्वहणाची भाषा करणे म्हणजे भेळेच्या गाडीवर पाकशास्त्र शिकवणे होय. आक्षेपात तथ्य आहे, पण तो जितका वाचकाच्या बाजूचा वाटतो तितका नाही. नेमाडे यांनी दीर्घ भाषिक अवकाश हे कादंबरीचे लक्षणच मानले आणि १९७५ ते १९७९ या काळात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ अशा चार कादंबऱ्यांतून चांगदेव पाटलाची कथा सांगून ते आचरलेही. या लांबीची समीक्षेने गंभीर चर्चा केली. अद्भुताच्या लांबीला मात्र ‘करमणूक’ म्हणून सोडून दिले. वास्तववादी चतुष्टयाच्या वाचकाला निकष मिळावेत आणि अद्भुताच्या वाचकाला केवळ सहिष्णुता मिळावी, हा उदारमतवाद नव्हे. त्यात वाचकांची प्रतवारी दडलेली आहे.

चांगदेव हे नाव आलेच आहे तर त्या नावाच्या जुन्या धन्याचीही आठवण ठेवली पाहिजे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, मुक्ताईनगराजवळ, चांगदेवाचे मंदिर आहे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन येणारा हा योगी खानदेशाच्या लोकमानसातला अद्भुताचा सर्वांत ठळक नायक. त्याने ज्ञानदेवांना पाठवलेले पत्र कोरे निघाले, कारण मायना काय लिहावा हेच त्याला सुचले नाही. चौदाशे वर्षांच्या सिद्धींना उत्तर मिळाले ते पासष्ट ओव्यांचे, आणि पुढे मुक्ताबाई त्याची गुरू झाली. या कथेला बहुखंडी विस्तार देणे कोणाही कसबी लेखकाला सहज जमले असते. प्रत्येक शतकाला एक खंड दिला असता तरी चौदा झाले असते. परंपरेने तसे केले नाही. तिने चौदाशे वर्षे एका वाक्यात उरकली आणि कोऱ्या पत्रापाशी ती थांबली. लांबीची गरज कोठे नसते, हे समजण्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

उरतो तो अपुऱ्या मालिकांचा प्रश्न, आणि तो व्यवहारात सर्वांत जास्त विचारला जातो. खत्रींची ‘भूतनाथ’ अपुरी राहिली, ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. जॉर्डनचे वर आलेच आहे. नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली एका नियोजित मालिकेचा प्रारंभ म्हणून आली, आणि ती एकटीच वाचली जाते, तिची रचना अडगळीची असल्यामुळे, म्हणजे आपल्या परिभाषेत माळेची असल्यामुळे, पुढचे खंड नसूनही ती उणी भासत नाही. जॉर्ज मार्टिनची ‘साँग ऑफ आइस अँड फायर’ मात्र साखळीची आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि त्यापुढचा अद्याप आलेला नाही. वरचा निकष काटेकोरपणे लावला तर ती सुरू करू नये, असेच उत्तर येईल. तरी येथे अपवाद करावासा वाटतो. मार्टिनने पहिल्या खंडात अद्भुत जवळजवळ येऊच दिलेले नाही. राजकारण, सोयरिकी, विश्वासघात यांतच तो खंड चालतो, ज्याला वाचक नायक समजतो त्याचा शिरच्छेद होतो, आणि अगदी शेवटच्या प्रकरणात ड्रॅगन जन्मतात. भरताने सांगितलेल्या जागीच, निर्वहणात. २००० सालच्या तिसऱ्या खंडात एका लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची कत्तल होते, तेव्हा अतिथिधर्माच्या ज्या रूढीकडे वाचकाने पहिल्या खंडापासून केवळ सजावट म्हणून पाहिले होते ती एकाएकी कथेचा नैतिक आधार असल्याचे कळते. या तीन खंडांत वचन दिलेही जाते आणि बव्हंशी पाळलेही जाते. चौथ्यापासून पात्रे पांगतात आणि धागे सैल होतात. तेव्हा विचारणाऱ्याला तीन खंड काढून द्यावेत आणि चौथा तूर्त कपाटातच राहू द्यावा.